रिकामी मधकोठी मध वाढवत नाही

अंधेरीतल्या गच्चीवर पहिली मधपेटी ठेवणाऱ्याला महिन्याभरात एक प्रश्न पडतो: वरची मधकोठी कधी चढवायची? आणि त्याला हमखास उत्तर मिळते: आजच चढवा, जागा जास्त तेवढा मध जास्त. हा सल्ला चुकीचा आहे. तो इतक्या ठामपणे आणि इतक्या वेळा दिला जातो, की त्यापायी चांगल्या वसाहती पेटी सोडून निघून जातात आणि दोष मात्र मुंबईच्या हवेला दिला जातो.

आधी पेटीत कोण आहे ते पाहावे. महाराष्ट्रात बहुतेक नवशिक्यांच्या हाती येते ती सातेरी ही देशी मधमाशी. झाडाच्या ढोलीतून किंवा भिंतीच्या पोकळीतून काढलेल्या मोहोळाची पोळी चौकटींना दोऱ्याने बांधून तिची वसाहत पेटीत बसवतात. सुरुवातीला माश्या चार-पाच चौकटींपुरत्याच असतात. या चौकटी खालच्या, अंडी-अळ्यांच्या पिलावाकोठीत राहतात. वरच्या मधकोठीत कमी उंचीच्या चौकटी असतात आणि ती फक्त जादा मधासाठी असते. खालचा मजलाच अर्धा रिकामा असताना वरचा बांधून काय साधणार?

जास्त जागा म्हणजे जास्त मध या समजुतीला एक खरा आधार आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत रिंडरर आणि बॅक्स्टर या संशोधकांनी १९७८ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या पेट्यांत रिकामी पोळी जास्त होती, त्यांतल्या माश्यांनी मध जास्त साठवला. पण ती पोळी तयार, बांधलेली होती आणि माश्या युरोपीय मेलिफेरा होत्या. नवशिक्याच्या मधकोठीत मेणपत्रे असतात, किंवा नुसत्या चौकटी. पोळे बांधायला मेण लागते, मेणाला तरुण कामकरी माश्या लागतात, आणि त्यांना भरपूर मकरंद लागतो. यातले काहीच नसेल तर ती कोठी नुसती मोकळी राहते.

परदेशी पुस्तके अशा मोकळ्या जागेबाबत थंडीचा धोका सांगतात: पिलाव्याला ३४-३५ अंश ऊब लागते, मोकळी जागा ती शोषून घेते. मुंबईत हा प्रश्न गौण आहे. इथला शत्रू मेणपतंग. जागा वाढली की माश्या विरळ होतात, आणि ज्या पोळ्यावर त्यांचा पहारा नाही तिथे तो अंडी घालतो, आणि दमट उबेत त्याच्या अळ्या पोळ्यात जाळीदार बोगदे करत जातात. मेलिफेरा नेट धरून राहते. सातेरी तसे करत नाही, ती सरळ घर सोडते. म्हणजे मध वाढावा म्हणून दिलेली जागाच पेटी रिकामी करू शकते.

मग जागा कधी द्यायची? कॅलेंडर पाहून नव्हे, चौकटी उचलून. पिलावाकोठीत एकेक चौकट पिलाव्याच्या शेजारी द्यावी आणि पलीकडे फळी लावून जागा आवळून ठेवावी. कडेच्या चौकटी सोडून बाकी सगळ्यांवर दोन्ही बाजूंनी माश्या दाटल्या, वरच्या पट्ट्यांवर नवे पांढरे मेण दिसू लागले आणि चौकट आडवी धरताच ताजा मकरंद ठिबकला, की मधकोठी चढवावी. ती एकच. या वेळी मात्र उशीर नको. मकरंदात पाणी खूप असते आणि ते उडावे म्हणून माश्या तो अनेक घरांत पातळ पसरून ठेवतात. जागा नसेल तर तो राणीच्या अंड्यांच्या घरांत जातो.

मकरंदाचा हा हंगाम अंधेरीत साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, तोही आसपास जांभूळ, करंज, चिंच असतील तर. सातेरी चाऱ्यासाठी फार लांब जात नाही, म्हणून आरेला लागून असलेल्या गच्चीचे गणित लोखंडवालाच्या गच्चीला लागू पडत नाही. २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेल्या महाबळेश्वरजवळच्या मांघरचे तर कुणालाच नाही. तिथे चहूकडे जंगल आहे. सांताक्रूझला एकट्या जुलैत ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत माश्या फारशा बाहेर जात नाहीत आणि साठ्यावर जगतात. मधकोठी पावसाआधी उतरवलीच पाहिजे. वरच्या थोड्याशा मधाचा लोभ तेव्हा महागात पडतो.

दुसरा गैरसमजही जागेचाच: जागा दिली की थवा निघणार नाही. गर्दी हे एक कारण आहेच. राणीच्या पायांतून पाझरणारा स्राव पोळ्याच्या खालच्या कडांवर लागतो आणि तिथे राणीघरांची सुरुवात रोखतो. गर्दीत राणी त्या कडांपर्यंत पोहोचत नाही, हे लेन्स्की आणि स्लाबेझ्की या संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवले. पण राणीघरांत अळ्या दिसू लागल्यावर वरून कोठी चढवून माश्यांचा बेत सहसा बदलत नाही. तेव्हा वसाहतीचे विभाजन करायचे असते.

बाकीचे थोडक्यात. इमारतीच्या छज्ज्याखालचे आग्या मोहोळ पेटीत भरता येत नाही, ती जात उघड्यावर एकच पोळे बांधून राहते. झाडावर लटकलेला थवा हल्ल्याला आलेला नसतो, तो घर शोधत असतो. आणि मधकोठी चढवलेली असताना साखरपाणी देऊ नये, कारण तेच मध म्हणून वर साठते.

शिकायला लांब जावे लागते असेही नाही. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय शेजारीच, विलेपार्ल्याच्या इर्ला रोडवर आहे. आयोगाची मधमाश्यांवरची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, आणि राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वरला. पेटी विकत घेण्याआधी यांच्यापैकी एका ठिकाणी चौकशी करून, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली भरलेली चौकट हातात धरून पाहावी.