एल साल्वादोर : 262 नगरपालिकांच्या झाल्या 44

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा आकाराने आपल्या मिझोरमएवढा देश. लोकसंख्या सुमारे 60 लाख. या चिमुकल्या देशात 2024च्या मेपर्यंत 262 नगरपालिका होत्या. ग्रामपंचायत आणि नगरपालिका असा भेद तेथे नाही. खेडे असो वा राजधानी, प्रत्येक ठिकाणी महापौर आणि त्याचे मंडळ. काही नगरपालिकांची लोकसंख्या तर हजाराच्याही आत होती. 13 जून 2023 रोजी विधिमंडळाने कायदा करून ही संख्या 44 वर आणली. जुन्या नगरपालिका नावापुरत्या ‘जिल्हे’ म्हणून उरल्या, मात्र त्यांचे निवडून आलेले महापौर गेले.

अध्यक्ष नायिब बुकेले यांनी या निर्णयामागे खर्चात बचत आणि कारभारात सुटसुटीतपणा अशी कारणे दिली. ती अगदीच पोकळ नव्हती. एवढ्याशा भूभागावर 262 महापौर ही चैन आहे, असे विरोधकांपैकीही अनेकांना वाटत होते. प्रश्न होता तो वेळेचा आणि पद्धतीचा. निवडणुकीपूर्वीच्या वर्षभरात निवडणुकीचे नियम बदलण्यास मनाई करणारी तरतूद विधिमंडळाने मार्च 2023 मध्येच रद्द केली होती. मतदान मार्च 2024 मध्ये व्हायचे होते, आणि नव्या सीमा नऊ महिने आधी आखल्या गेल्या.

नगरपालिकेचे महत्त्व तेथील पक्षांच्या इतिहासात दडलेले आहे. 1992च्या शांतता कराराने बारा वर्षांचे गृहयुद्ध संपले आणि फाराबुंदो मार्ती मुक्ती आघाडी ही गनिमी संघटना राजकीय पक्ष बनली. देशाची सत्ता उजव्या विचारांच्या आरेना पक्षाकडे होती. आघाडीने 1997 मध्ये राजधानी सान साल्वादोरचे महापौरपद जिंकले. अध्यक्षपद मिळायला 2009 उजाडले. मधल्या काळात राज्य चालवता येते हे मतदारांना दाखवण्याची जागा म्हणजे नगरपालिका. बुकेलेही याच शिडीने वर गेले. ते 2012 मध्ये नुएवो कुस्कातलान या लहान गावाचे आणि 2015 मध्ये राजधानीचे महापौर झाले, दोन्ही वेळा याच आघाडीचे उमेदवार म्हणून. 2017 मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली आणि दोनच वर्षांनी ते अध्यक्ष झाले.

पूर्वीची व्यवस्थाही आदर्श नव्हती, हे नमूद करायला हवे. ज्या पक्षाला सर्वाधिक मते, त्याच्याकडेच सारे मंडळ, अशी पद्धत अनेक वर्षे चालली. मतांच्या प्रमाणात इतर पक्षांना मंडळात जागा मिळू लागल्या त्या 2015 पासून.

सीमा बदलण्याआधी पैशाचा प्रश्न उभा राहिला होता. एल साल्वादोरमध्ये मालमत्ता कर नाही. त्यामुळे स्थानिक शुल्के वगळता बहुसंख्य नगरपालिका केंद्र सरकारच्या विकास निधीवर, ‘फोदेस’वर, अवलंबून होत्या. कायद्याने सरकारी उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम त्यांना मिळत असे. 2020च्या मध्यापासून अनेक महिने हा निधी रखडला. फेब्रुवारी 2021 मध्ये बुकेले यांच्या नुएवास इदेआस म्हणजेच ‘नवे विचार’ या पक्षाने विधिमंडळातील 84 पैकी 56 जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी निधी 1.5 टक्क्यांवर आला. रस्ते, गटारे, समाजमंदिरे यांची कामे केंद्राच्या नव्या ‘महापालिका कामे संचालनालया’कडे गेली. महापौराकडे पद राहिले, पण रस्ता मंजूर करण्याचा अधिकार राजधानीत गेला. मग लोकांनी कोणत्या कामासाठी त्याला जाब विचारायचा?

उत्तरेकडील चालातेनांगो प्रांतात युद्धकाळापासून आघाडीचा पाया होता. तेथील 33 नगरपालिकांच्या तीन झाल्या. डोंगरातील दोन-चार गावांत घट्ट मुळे असलेल्या पक्षाला आता तिसऱ्या हिश्श्याचा प्रांत जिंकायचा होता. 3 मार्च 2024 रोजी मतदान झाले, त्याचे प्रमाण अध्यक्षीय निवडणुकीपेक्षा बरेच कमी होते. नुएवास इदेआसने 28 महापौरपदे मिळवली, उरलेली बहुतेक मित्रपक्षांकडे गेली. आघाडीला देशात एकही नगरपालिका मिळाली नाही. आरेनाला एकच मिळाली, पूर्व ला लिबेर्ताद. तेथील मिलाग्रो नावास या राजधानीलगतच्या अंतिग्वो कुस्कातलानच्या 1988 पासून महापौर होत्या. गल्लीबोळातील ओळख नकाशा बदलल्यावरही त्यांच्या उपयोगी पडली.

विरोधकांच्या या पराभवाचे खापर केवळ नव्या सीमांवर फोडणे न्याय्य ठरणार नाही. टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेमुळे बुकेले कमालीचे लोकप्रिय होते आणि दोन्ही जुन्या पक्षांनी सत्तेच्या काळातील भ्रष्टाचाराने आपली पत घालवली होती. परंतु लहान पक्षाला पुन्हा उभे राहण्यासाठी लागणारी पहिली पायरी आता पूर्वीपेक्षा कितीतरी उंच झाली आहे. 2025 मध्ये पक्षांना मिळणारे सरकारी निवडणूक अनुदानही बंद झाले. त्याच वर्षी जुलैअखेरीस घटनादुरुस्ती होऊन अध्यक्षाला कितीही वेळा निवडून येण्याची मुभा मिळाली आणि चालू कार्यकाळ 2027 पर्यंत आखूड करण्यात आला. त्यामुळे अध्यक्ष, विधिमंडळ आणि 44 नगरपालिका यांच्या निवडणुका आता एकाच वर्षी येणार आहेत.