पडद्यांच्या आधीचं काम

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यात आज केंद्रीय जीएसटी आणि उत्पादन शुल्क खात्याचं कार्यालय आहे. आता जिथे करांच्या फायली फिरतात, तिथे नव्वद वर्षांपूर्वी जगातल्या अत्यंत आधुनिक घरांपैकी एक नांदत होतं. इंटिरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मराठी मुलामुलींनी पॅरिस-मिलानच्या आधी या वाड्याची ओळख करून घ्यावी, असं मला वाटतं. एक तर तो होळकरांचा. शिवाय या विषयाच्या पुस्तकांत पुढे जी नावं पुन्हा पुन्हा भेटतात, त्यांतली बरीचशी इथे एकाच छपराखाली सापडतात.

मुंबईतल्या १९२५ च्या बावला खून प्रकरणात इंदूर दरबारावर संशय आल्यानंतर महाराज तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली आणि त्यांचे पुत्र यशवंतराव सतराव्या वर्षी महाराज झाले. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुरचनाकाराशी मैत्री जमली. महाराज विशीतले, मुथेझियसही पंचविशीच्या आसपासचा. महाराणी संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांच्या, त्या तर आणखी लहान. राजवाडा म्हटला की झुंबरं, मखमल, सोनेरी चौकटी आणि भिंतीवर वाघाचं डोकं, हा त्या काळचा शिरस्ता. या तरुण मंडळींनी तो साफ मोडला. १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली. दारं-खिडक्यांच्या धातूच्या चौकटी जर्मनीत घडवून जहाजाने इंदूरला आणल्या. वातानुकूलन आलं. पॅरिसहून रुलमानचं लाकडी फर्निचर आलं, सोन्यो आणि शार्लोट आलिक्स यांनी घडवलेला काच आणि धातूचा पलंग आला, आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ खुर्चीही आली.

ग्रंथालयासाठी मुथेझियसने लाल आरामखुर्च्या केल्या आणि वाचायचे दिवे खुर्चीच्या अंगातच बसवले. आपल्याकडे साधारण काय होतं? सुतार खुर्ची करतो, इलेक्ट्रिशियन त्याला सोयीचं वाटेल तिथे पॉइंट काढतो, आणि पुस्तक वाचणाऱ्याच्या नशिबी स्वतःच्याच डोक्याची सावली येते. मुथेझियसने वाचणारा माणूस आधी पाहिला, मग त्याच्याभोवती खुर्ची आणि उजेड एकत्र रचला. इंटिरियर म्हणजे पडदे, पीओपी आणि भिंतीचा रंग, असं समजून कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्याला या एका खुर्चीवरून पुष्कळ काही कळावं.

‘ट्रान्सॅट’ खुर्ची करणाऱ्या आयलीन ग्रे मूळच्या आयर्लंडच्या, जन्म १८७८ चा. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून त्या लाखकाम शिकल्या. ते काम संयमाचं: थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा. अशा कारागिरीत मुरलेली बाई पुढे पोलादी नळ्यांकडे वळली आणि १९२६ ते १९२९ दरम्यान फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तिने ‘ई-१०२७’ हे घर बांधलं. तिथलं काच आणि नळीचं गोल टेबल जगभर नक्कल होऊन विकलं जातं. त्याचा पाय मध्यभागी नाही, कडेला आहे. त्यामुळे तो पलंगाखाली सरकतो आणि टेबलाची काच थेट मांडीवर येते. उंची कमीजास्त करता येते. ग्रे यांच्या बहिणीला अंथरुणात बसून न्याहारी करायची सवय होती, तिची सोय व्हावी म्हणून हे टेबल सुचलं असं सांगतात. या घराच्या भिंतींवर पुढे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएने ग्रे यांना न विचारता चित्रं रंगवली. त्या संतापल्या, आणि माझ्या मते त्यांचं चुकलं नाही. मोकळी भिंतही कुणीतरी विचारपूर्वक मोकळी ठेवलेली असते, एवढं तरी त्या थोर माणसाला कळायला हवं होतं.

माणिकबागेत कॉर्बुझिएच्या कार्यालयातली प्रसिद्ध आरामखुर्चीही होती, तीसुद्धा बिबट्याच्या कातड्याने मढवलेली. (आधुनिकता कितीही आली तरी राजेपण असं कुठूनतरी डोकावतंच.) वर्षानुवर्षं ही खुर्ची एकट्या कॉर्बुझिएच्या नावावर खपली. प्रत्यक्षात ती तिघांची: कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर झानरे आणि शार्लोट पेरियाँ. पेरियाँ १९२७ मध्ये काम मागायला गेल्या तेव्हा, इथे उशांवर भरतकाम होत नाही, असं सुनावून त्यांना परत पाठवण्यात आलं होतं. काही महिन्यांनी कॉर्बुझिएने प्रदर्शनात त्यांचा काच-धातूचा बार पाहिला आणि मग बोलावून घेतलं. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. विद्यार्थ्यांनी कुठल्याही खुर्चीखाली एकच नाव दिसलं की थोडा संशय घ्यावा.

पण एका महाराजाच्या घरासाठी पैशाची चिंता नसताना केलेलं काम सामान्यांच्या घराला काय शिकवणार, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर फ्रँकफुर्टमध्ये आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात घरांची भीषण टंचाई होती आणि नगरपालिका स्वस्त घरांच्या वसाहती बांधत होती. त्यांतल्या स्वयंपाकघराचं काम आलं मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण वास्तुरचनाकार बाईंकडे. १९२६ मध्ये त्यांनी साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिमुकलं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. स्वयंपाक करणारी बाई किती पावलं चालते, किती वेळा वाकते, कशासाठी वळते, हे त्यांनी घड्याळ लावून तपासलं. खिडकीखाली काम करायचा ओटा, बसायला फिरतं स्टूल, छतावरच्या पट्टीवर सरकणारा दिवा, भिंतीला टेकवून ठेवायची इस्त्रीची फळी. साखर, तांदूळ यांसाठी नावं लिहिलेले अॅल्युमिनियमचे खण, धरून थेट ओतता येतील असे. ओट्यातच एक भोक: सालं-देठं त्यातून खालच्या खणात. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपल्याकडे ‘मॉड्युलर किचन’ म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ इथे आहे. हे आखलं तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं बाईंनी पुढे सांगून टाकलं होतं!

प्रभावाचाच हिशेब मांडायचा तर माझं मत माणिकबागेला नाही, या अरुंद खोलीला. मात्र तिच्यात एक खोट होती. खोली एकाच माणसाच्या मापाची, त्यामुळे ते एकच माणूस तिथे दिवसभर राबायचं. मदतीला दुसरं कुणी आत मावत नसे. मुलांवर नजर ठेवायला सरकतं दार, तेवढीच काय ती बाहेरच्या घराशी भेट. श्रम वाचले आणि एकटेपणा वाढला. पंचवीसेक वर्षांनी मार्सेयच्या मोठ्या निवासी इमारतीसाठी पेरियाँ यांनी स्वयंपाकघर आखलं तेव्हा स्वयंपाकघर आणि बाकीचं घर यांमधली भिंत कमरेपर्यंत खाली आणली, म्हणजे ओट्याशी उभं राहून बाहेर बसलेल्यांशी बोलता यावं. हल्ली फ्लॅटच्या जाहिरातीत ‘ओपन किचन’ ही चैन म्हणून झळकते. मुळात ती स्वयंपाक करणाऱ्याची घरातल्या गप्पांमधली जागा होती. फोडणीचा ठसका हॉलभर पसरतो ही आपली अडचण खरी, आणि ती सोडवणं हे आपल्या डिझायनरांचं काम; फ्रान्समधून तिचं उत्तर येणार नाही.

पुन्हा माणिकबागेकडे यायचं तर, संयोगिताराजे १९३७ मध्ये गेल्या. माणिकबागेतलं बरंचसं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात जगभर पांगलं. वापरणाऱ्या माणसाकडे आधी पाहायची नजर मात्र इथे टिकली. १९५८ मध्ये अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी अहवाल लिहिला आणि त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक आपल्या लोट्याचं केलं आहे: तो भरताना, उचलताना, ओतताना, घासताना हातात कसा बसतो याचं.

तेव्हा प्रवेश मिळालेल्यांनो, महागडा लॅपटॉप आणि मूडबोर्ड यांच्या आधी पाच मीटरची टेप विकत घ्या. घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसाच्या कोपराची उंची आणि ओट्याची उंची मोजा. लॉफ्टवरचा डबा काढायला स्टूल लागतं का, फ्रीजचं दार उघडलं की मागून दुसरा माणूस जाऊ शकतो का, आजीला न्हाणीघरात धरायला काय आहे, हेही लिहून काढा. पहिल्या ज्युरीला ती वही घेऊन जा. पडद्यांचे नमुने नंतर दाखवता येतील.