बीआरएमची तयारी एकट्याने नको
बीआरएम या ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहा, जेवण, पंक्चर धरून ताशी जेमतेम १५चा सरासरी वेग. नवख्या सायकलस्वाराला वेगाची धास्ती असते, पण खरी कसोटी शक्ती पुरवून वापरण्याची असते आणि ते क्लबमध्येच नीट शिकता येतं. सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते. गटात पुढच्याच्या मागे राहिलं की ती बरीच वाचते, म्हणून पुढे राहण्याची पाळी सगळ्यांनी वाटून घ्यायची.

गटात एक पडला की चार पडतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक न्यायचं नाही, अचानक ब्रेक दाबायचा नाही, खड्डा दिसला की हात खाली करून बोटाने दाखवायचा. या सवयी एकट्याने लागत नाहीत. महागड्या सायकलची अडचण तर नाहीच, बीआरएमला साधी गिअरची सायकलही चालते. तेव्हा नवी सायकल घेण्याआधी येत्या रविवारी जवळच्या क्लबच्या राइडला जा. हेल्मेट मात्र हवंच.