तांबड्या मातीचे डाग

पावसाळ्यात पांढरा सदरा घालून कोकणात जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. खरं तर अडवायला हवं. लावणीच्या दिवसांत बांधावरून एकदा पाय घसरला, की ती माती मुंबई-पुण्यापर्यंत सोबत येते आणि दोनदा धुऊनही विटकरी सावली मागे ठेवते.

या मातीचा स्वभाव आधी समजून घ्यावा. जांभा दगड झिजून ती तयार होते. तिचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्याच जातकुळीतला. तो पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण धाग्यांच्या फटींत जाऊन बसतात. म्हणूनच ओला चिखल चोळणं ही पहिली चूक. आपल्याच हाताने आपण ते कण आणखी आत ढकलतो. आया ओरडतात, मुलं घाबरून नळाखाली जाऊन घासतात आणि डाग पक्का होतो.

कपडा आधी खडखडीत वाळू द्यावा. मग झटकावा, दात घासायच्या जुन्या ब्रशने कोरडाच हलकेच घासावा. बरीचशी माती इथेच गळते. त्यानंतर कपडा उलटा करून डागाच्या मागून नळाची धार सोडावी, म्हणजे कण आले त्या वाटेने बाहेर पडतात. मग तासभर साबणाच्या पाण्यात भिजवून नेहमीसारखा धुवावा.

तरीही सावली उरली तर पुष्कळजण ब्लीच ओततात. फुकट जातं. ब्लीचमुळे फळाफुलांचे रंग उडतात, लोहाचा नाही. उलट डाग कधीकधी गडदच होतो. इथे आंबट हवं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लोहाला धरून पाण्यात उतरवतं. लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर घालून अर्धा तास भिजवावं, डाग फिका होत असेल तर पुन्हा एकदा, आणि शेवटी साध्या पाण्यात नीट खळबळावं. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून पाहावा. आणि ब्लीच व आंबट एकाच बादलीत कधीही नको: त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

गवताच्या डागाला हा उपाय लागू पडत नाही. त्यातलं हरितद्रव्य पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळतं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपत जावं, हिरवा झाला की बोळा बदलावा, मग साबण. हे काम गॅसच्या शेगडीपासून लांब करावं. जांभळाची गंमत वेगळीच. साबण लागताच त्याचा डाग निळसर होतो, लिंबू लागताच लालसर; रंग बदलला म्हणजे डाग निघाला, असं समजून हात थांबवू नये.

डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. उष्णतेने बरेच डाग कायमचे बसतात.

राहिला केळीचा चीक. अंगावर पडतो तेव्हा तो पाण्यासारखा दिसतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. हवा लागली की तपकिरी होतो. एकदा वाळलेला चीक कुठल्याही घरगुती उपायाने पुरता निघालेला मी पाहिलेला नाही. घड उतरवायला जाताना जुनाच सदरा घालावा.