पीसीओएस म्हणजे फक्त पाळीचा त्रास नाही. विशीतच हृदयाकडे लक्ष का द्यायला हवं?

पाळी दोन-दोन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस दिसायला लागलेत. वजनही वाढतंय. बारामती एमआयडीसीत शिफ्ट करणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी अशा तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाते, तेव्हा अनेकदा पीसीओएसचं निदान होतं आणि पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या सुरू होतात. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, 'पुढे मूल होईल ना?' बीपी किती आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

हा आजार किती मुलींना आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, प्रजननक्षम वयातल्या 13 टक्क्यांपर्यंत महिलांना पीसीओएस असतो. त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत महिलांचं निदानच झालेलं नसतं. मुंबईत 15 ते 24 वयोगटातल्या मुलींची पाहणी झाली होती. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, रॉटरडॅम निकषांनुसार 22.5 टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. कडक निकष लावल्यावरही हा आकडा 10.7 टक्के होता.

अंडाशयाचा हृदयाशी काय संबंध?

दोघांना जोडणारा दुवा म्हणजे इन्सुलिन. पीसीओएस असलेल्या अनेक महिलांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं. या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन्स वाढतात, म्हणून पाळी बिघडते आणि केस वाढतात.

त्याच वेळी शरीरात आणखी काही घडत असतं. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं, पोटाभोवती चरबी साठते. बीपी आणि मधुमेहाचा धोका वाढतो. यातलं काहीही दुखत नाही, म्हणून ते कळतही नाही.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच स्पष्ट सांगितलं की, पीसीओएस हा हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक मानावा.

'मी तर बारीक आहे'

इथेच भारतीयांची फसगत होते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा होता, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेली ही तुलना जगभर गाजली. थोडक्यात, वजनकाटा पूर्ण गोष्ट सांगत नाही. कंबरेचा घेरही मोजा. आशियाई महिलांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

तपासणी कुठे अडते?

सरकारी कार्यक्रमात बीपी आणि मधुमेहाची सरसकट तपासणी वयाच्या तिशीनंतर सुरू होते. टेक्स्टाइल पार्कमध्ये दिवसभर शिलाई मशिनवर बसणारी विशीतली मुलगी त्यात येतच नाही. त्यामुळे पीसीओएसचं निदान झालं, की या तपासण्या स्वतःहून मागायला हव्यात:

- बीपी: वर्षातून किमान एकदा. गोळ्या सुरू करण्याआधी तर नक्कीच, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी काहींचं बीपी वाढू शकतं.
- लिपिड प्रोफाइल: निदान झाल्यावर लगेच.
- साखर: 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी सर्वांत भरवशाची. नंतर धोका पाहून दर 1 ते 3 वर्षांनी.

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. शिवाय पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जात असतील, तर उपचारांचा हक्कही मिळतो. पगाराची स्लिप एकदा नीट बघा.

मग घाबरायचं का?

नाही. विशीत हार्ट अटॅक येण्याची शक्यता पीसीओएस असूनही फार कमी असते. प्रश्न पुढच्या वीस-तीस वर्षांचा आहे आणि तो बदलता येतो. आठवड्याला किमान 150 मिनिटं दमछाक होईल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढ्यानेही फायदा होतो. वजन घटलं नाही तरीही. गरज असेल तर डॉक्टर मेटफॉर्मिनसारखं औषध देतात. गोळ्या स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

पाळी नियमित झाली म्हणजे पीसीओएस संपला, असं नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, तर एक वाक्य नक्की म्हणा: 'डॉक्टर, माझं बीपीही बघा.'