कमरेला शिसं

शनिवारी सकाळी पेरिसच्या स्कायडायव्हिंग तळावर, म्हणजे ड्रॉपझोनवर (हे फ्रान्सचं पॅरिस नव्हे, लॉस एंजेलिसहून गाडीने दीडेक तासावरचं कॅलिफोर्नियातलं गाव) पॅकिंगच्या जागेत चक्कर मारली, तर दोन प्रकारची माणसं तयारी करताना दिसतात. धिप्पाड पुरुष ढगळ, हवेत फुगणारे जंपसूट चढवत असतात. त्यांच्या शेजारीच लहानखुऱ्या बायका अंगाला चिकटणाऱ्या गुळगुळीत सूटवर शिशाचे पट्टे आवळत असतात. थोड्या वेळाने ही सगळी मंडळी एकाच विमानातून साडेबारा हजार फुटांवरून उडी मारणार आणि खाली येता येता एकमेकांचे हात धरणार. हात धरायचे तर पडण्याचा वेग सारखा हवा. ढगळ कापड काय किंवा शिसं काय, सगळा खटाटोप त्याचसाठी.

मी दुसऱ्या गटातली. ‘अगं, पडायला वजन कशाला लागतं? गॅलिलिओ शिकलीस ना शाळेत?’ असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळे उत्तर सुटसुटीत देऊन चालत नाही. गॅलिलिओचं म्हणणं हवा नसेल तर खरं. पोट खाली करून पडणारा माणूस पहिल्या दहा-बारा सेकंदांत ताशी १९० किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि तिथेच थांबतो, कारण तोवर हवेचा रोध त्याच्या वजनाइतका झालेला असतो. हा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे वजन दहा टक्के वाढवलं तर वेग जेमतेम पाच टक्के वाढतो. कपडे आणि रिग, म्हणजे पाठीवरचा छत्र्यांचा संच, धरून ६५ किलो भरणाऱ्या बाईने पाच किलो शिसं बांधलं, तर तिला ताशी सातेक किलोमीटर जास्त मिळतात.

एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण ताशी सात किलोमीटर म्हणजे सेकंदाला दोन मीटर. दहा सेकंद तसंच चाललं तर बाकीचे वीस मीटर खाली आणि तुम्ही वर, सहा-सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खालच्या लोकांकडे पाहावं तशा. आणि सगळा फ्रीफॉल असतो मिनिटभराचा.

अर्थात शिशाशिवायही वेग वाढवता येतो. पोट पुढे काढून कमान केली, हात-पाय आवळून घेतले की हवेला लागणारं क्षेत्रफळ कमी होतं आणि माणूस जोरात पडतो. अडचण अशी, की ही सगळी कमान नुसतं इतरांच्या पातळीवर राहण्यात खर्च झाली, तर पुढे सरकायला, वळायला, पकड घ्यायला शरीरात काही उरत नाही. मला शिसं हवं असतं ते सैल राहण्यासाठी. पट्टा बरोबर असेल तर मी नेहमीच्या आरामाच्या स्थितीत इतरांबरोबर पडते आणि मग कमान वाढवून थोडं खाली किंवा अंग सपाट करून थोडं वर, असं दोन्हीकडे जायला मोकळी असते. जाड्या माणसांचं उलट. ते सतत अंग पसरून पडत असतात, म्हणून त्यांना ढगळ सूट.

म्हणजे ‘मी किती वजन घेऊ?’ या प्रश्नाला एकटीचं उत्तर नसतं. आज कोणाबरोबर उडी मारायची आहे, हे आधी ठरायला हवं. फॉर्मेशनचा वेग ठरवतो त्याचा बेस, म्हणजे जे आधी जुळतात आणि बाकीचे ज्यांच्याकडे उडत जातात ते. बेसला दोन वजनदार गडी असले की माझ्या पट्ट्यात भर पडते. फक्त बायकांची उडी असेल तर वेगच मुळी थोडा कमी ठेवता येतो आणि मी निम्म्या शिशावर भागवते. याच पेरिसवर २००९ साली १८१ बायकांनी एकमेकींना धरून फॉर्मेशन केलं होतं. सरावाच्या विंड टनेलमध्ये वजनाचा प्रश्न एकट्यापुरता तरी येत नाही, तिथे चालक बटण फिरवून वारा तुमच्या वजनाचा करून देतो. आकाश तसं करत नाही.

शिशाआधी सूट, हा माझा हट्ट. फडफडणारा, कोपराशी ढिला सूट घालून वर चार किलो शिसं बांधणं म्हणजे एका हाताने ब्रेक दाबून दुसऱ्या हाताने गाडी पळवणं. शिंप्याकडून सूट दंडात आणि मांड्यांत आत घेतला की दोन पौंड शिसं वाचतं. कापडाची ताकद कमी लेखू नये. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाच्या आकाशात नऊवारी नेसून उडी मारली होती. ते फोटो लोकांनी कौतुकाने पाहिले. मला मात्र आधी सव्वाआठ मीटर कापड त्या वाऱ्यात कसं आवरलं असेल, हेच सुचलं.

मग पट्टा की जाकीट? जाकिटात वजन छातीपाठीवर बसतं, त्यामुळे डोक्याकडचा भाग किंचित खाली झुकतो. काहींना ते सोयीचं पडतं. पट्ट्याचं वजन कमरेशी, शरीराच्या मध्यापाशी राहतं आणि उडण्याची ढब फारशी बदलत नाही. मी पट्टेवाली. जाड कापडाचा, कप्पे शिवलेला, आणि कप्प्यांत शिशाच्या छऱ्यांच्या मऊ पिशव्या, बहुतेक दोन-दोन पौंडांच्या. छरे अशासाठी, की ते अंगाच्या आकाराने बसतात आणि उतरताना बाजूवर आपटलात तरी खुब्याच्या हाडात रुतत नाहीत. पिशव्या दोन्हीकडे सारख्या भरायच्या. डावीकडे एक जास्त झाली, की माणूस हवेत नकळत एका बाजूला घसरत राहतो आणि दोष आपल्या पायांना देत बसतो.

मध्यंतरी मूळचा मालवणचा एक तरुण मित्र आला. काडीसारखा अंगाने, तारकर्लीला स्कूबा शिकलेला. त्याने ऐटीत पाणबुड्यांचा पट्टा काढून दाखवला: नायलॉनच्या पट्टीत ओवलेले शिशाचे घट्ट ठोकळे आणि एका झटक्यात उघडणारं बकल.

‘ताई, हा चालेल ना? समुद्रात इतकी वर्षं वापरलाय.’

‘हे बकल असं का केलंय रे?’

‘खाली काही झालं तर एका हाताने ओढायचं. वजन गेलं की आपण वर.’

‘आणि दहा हजार फुटांवर कोणाचा हात लागून उघडलं तर?’

त्याने ठोकळा हातात तोलून पाहिला आणि पट्टा पिशवीत परत ठेवला. शिशाचा ठोकळा आपल्यापेक्षा कितीतरी जोरात पडतो. खाली आपलीच माणसं असतात, आणि त्यांच्याखाली घरं, रस्ते. त्यामुळे उडीच्या पट्ट्याचं बकल आपण होऊन उघडता कामा नये, आणि त्याचं उरलेलं टोक आत खोचलेलं हवं. पण म्हणून ते कायमचं शिवून टाकायचं असंही नाही. वाऱ्याने भरकटून पाण्यात उतरायची वेळ आली, तर कमरेचं शिसं तुम्हाला बुडवणार. ड्रॉपझोनपासून लेक पेरिसचं धरण काही फार लांब नाही. तेव्हा पट्टा स्वतःच्या हाताने, छत्रीखाली लटकत असताना सोडता येतो का, हे जमिनीवर करून पाहावं. नुसतं बकल उघडून भागत नाही. पट्टा हार्नेसच्या पट्ट्यांखाली अडकून राहतो की निसटतो, हेही पाहावं लागतं. मालवणच्या गड्याला हे समजवावं लागलं नाही.

पट्टा बांधल्यावरची तपासणी मी कधी एकटीने करत नाही, दुसऱ्याकडून करून घेते. एक वयस्कर बाई माझी तपासणी करतात, त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्या मला उभं करतात आणि बोलतच नाहीत. आधी उजवीकडचं लाल उशीसारखं हँडल, मुख्य छत्री बिघडली तर ती सोडून देण्याचं. मग डावीकडचं धातूचं, राखीव छत्रीचं. दोन्हींच्या खाली बोटं घालून पट्ट्याची किंवा सूटची घडी तिथे चढलेली नाही ना, हे चाचपतात. मग मला कमान करायला लावतात, कारण उभं असताना जागेवर असलेला पट्टा कमान केली की दोन बोटं वर सरकतो. शेवटी उजवा हात मागे, रिगच्या तळाशी असलेल्या छोट्या हँडलकडे न्यायला सांगतात. मुख्य छत्री तिथूनच उघडते. कप्पा मागच्या बाजूला जास्त गेला असेल तर कोपर त्याला अडतं. अडलं, की पट्टा सोडायचा आणि पिशव्या पुढे घ्यायच्या. विमानात चढायची घाई असली तरी त्या ऐकत नाहीत.

आता उधारीची बाजू. फ्रीफॉल संपतो, छत्री उघडते, पण शिसं कमरेलाच असतं. मिनिटभर वापरलेलं वजन पुढची पाच-सहा मिनिटं घेऊन उडायचं आणि त्यासकट उतरायचं. इथे हिशेब पौंडात आणि चौरस फुटांत चालतो: विमानातून निघतानाचं एकूण वजन भागिले छत्रीचं क्षेत्रफळ. ११० पौंडांची बाई, २२ पौंडांची रिग, पाच पौंड कपडे-बूट-हेल्मेट, असे १३७. छत्री १५० चौरस फुटांची. भार आला ०.९१. बारा पौंड शिसं घातलं की ०.९९. नवशिक्याने १च्या वर जाऊ नये असा संकेत आहे, आणि ही बाई फक्त शिशापायी त्या रेषेला टेकली. छत्री जास्त जोरात पुढे जाते, वळणात जास्त उंची खाते, आणि उतरताना ब्रेक ओढण्याची सवयीची वेळ चुकते. वारा पडलेल्या, तापलेल्या दुपारी, हवा विरळ असताना, ते पायांना कळतं. राखीव छत्रीवर कमाल वजन छापलेलं असतं, त्यातही शिसं मोजायचं. आणि ते वैमानिकालाही कळायला हवं, कारण मॅनिफेस्टच्या, म्हणजे उडीच्या नावनोंदणीच्या, खिडकीवर दिलेल्या आकड्यावर विमानाचा भार ठरतो. तेव्हा वजनकाट्यावर सगळं चढवून उभं राहावं, मनातल्या मनात बेरीज करू नये.

म्हणून छत्री किती फुटांची हे न विचारता ‘अजून चार पौंड घाल’ म्हणणाऱ्या संयोजकाचं मी ऐकत नाही. त्याला त्याचं फॉर्मेशन जुळवायचं असतं. उतरायचं मला असतं. वाढवायचं तर दोन-दोन पौंडांनी, आणि प्रत्येक वाढीनंतर काही उड्या साध्या, लवकर छत्री उघडून, नुसतं उतरणं कसं बदललं ते पाहण्यासाठी. बेसबरोबर राहण्यासाठी खरोखरच दहा-बारा पौंड लागत असतील आणि छत्री लहान असेल, तर त्या उडीत मी जात नाही, किंवा मोठी छत्री भाड्याने घेते. मालवणचा मित्र शेवटी सहा पौंडांवर थांबला. त्यातले दोन पौंडही सूट आत घेतल्यावर कमी झाले.

बाकी शिसं ते शिसंच. पिशवीची शिवण उसवली की आधी करडी भुकटी बोटांना लागते, मग छरे. अशी पिशवी चिकटपट्टी लावून वापरणारे आहेत. मी ती दुहेरी प्लॅस्टिकमध्ये घालून बाजूला ठेवते आणि नवी घेते. पट्टा हाताळल्यावर सँडविचला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं हे विमानतळावर मला सर्वांत जास्त वेळा ओरडून सांगावं लागलेलं वाक्य असेल. प्रवासाचाही घोळ आहे. क्ष-किरण शिशातून जात नाहीत, त्यामुळे यंत्रावर बॅगेत काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडली जाते. वर तेवीस किलोंच्या मर्यादेतले पाच त्यातच जातात. म्हणून ॲरिझोनात एलॉयच्या ड्रॉपझोनला जाताना मी रिकामा पट्टा नेते आणि पिशव्या तिथे उसन्या घेते. फक्त आधी फोन करून ठेवावा लागतो. हिवाळ्यात मोठे कॅम्प असले की दोन पौंडांच्या पिशव्या सकाळीच संपतात आणि मागे राहतात त्या पाच पौंडांच्या, ज्या माझ्या कप्प्यात मावत नाहीत.