बक्षिसाचे एक हजार बारा वाटे

मे 2016 मध्ये भौतिकशास्त्रातला एक पुरस्कार जाहीर झाला आणि त्याची वाटणी पाहून हसावं की थक्क व्हावं, ते कळेना. एकूण रक्कम 30 लाख डॉलर. त्यातले 10 लाख रेनर वाइस, किप थॉर्न आणि रोनाल्ड ड्रेव्हर या तिघांना. उरलेले 20 लाख 1,012 जणांत सारखे वाटायचे, म्हणजे माणशी दोन हजारांच्याही आत. गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी दिलेला हा विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार. पुढच्या वर्षीचं नोबेल मात्र शिरस्त्याप्रमाणे तिघांतच आटोपलं: वाइस, थॉर्न आणि बॅरी बॅरिश. ड्रेव्हर तोवर वारले होते.

या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो यंत्राचं भावंड हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभं राहणार आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांना मान्यता. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर. आत निर्वात नळ्या, टोकांना टांगलेले आरसे. नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरल्याची कथा सांगणाऱ्या गावाला आरसा हलल्याचं काय कौतुक! पण हलला किती ते ऐका. 2015 च्या पहिल्या लहरीने 4 किलोमीटरच्या लांबीत पाडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही शेकडो पटींनी लहान होता.

एवढी बारीक थरथर माणसाला जाणवणं शक्यच नाही. यंत्र सांगेल ते ऐकायचं. मग त्याच्यावर विश्वास ठेवायचा कधी? माणूस आणि यंत्रमानव यांच्या परस्परव्यवहारावर 2006 पासून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरते. विश्वासाचा हा प्रश्न त्या विषयाच्या गाभ्याशीच आहे. लायगोला हात-पाय-डोकं नाही, त्यामुळे त्याला यंत्रमानव कुणी म्हणणार नाही. तरी या प्रश्नाचा इतका कस दुसरीकडे कुठे लागला असेल, असं मला वाटत नाही.

सप्टेंबर 2010 मध्ये लायगोच्या यंत्रांत एक झकास संकेत उमटला. श्वान तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा, म्हणून त्याचं नाव पडलं 'बिग डॉग'. शेकडो शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने त्यावर खपले, शोधनिबंधही लिहून तयार झाला. मार्च 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बैठकीत एक बंद पाकीट उघडलं गेलं. पुरस्कार सोहळ्यात उघडतात, अगदी तसंच. आत लिहिलेलं असं, की हा संकेत आपल्याच मोजक्या लोकांनी गुपचूप यंत्रात घुसवला होता. सगळ्यांना याची आधीच कल्पना होती, की अशी परीक्षा कधीही होऊ शकते. कधी, तेवढंच माहीत नव्हतं. स्वतःलाच फसवण्याची अधिकृत सोय करून ठेवणारं शास्त्र मला तरी फार आवडतं.

त्याचा परिणाम 14 सप्टेंबर 2015 ला दिसला. आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. संगणकाने काही मिनिटांत आपणहून इशारा दिला. जर्मनीत हॅनोव्हरला मार्को ड्रॅगो या तरुण संशोधकाने तो पाहिला आणि त्याला पहिली शंका आली ती हीच, की संकेत कुणी मुद्दाम घुसवला तर नाही? म्हणजे अविश्वास यंत्रावर नव्हता, माणसांवर होता. चौकशी झाली. कुणीही काही घुसवलं नव्हतं. दोन कृष्णविवरं खरोखरच एकमेकांत विलीन झाली होती, सव्वाशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी.

गोंगाटातून अशी लहर वेचायची तर तिचा नमुना आधी गणिताने काढून ठेवावा लागतो. हे नमुने कसे निवडावेत, यावर पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांच्याबरोबर बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा लायगोचं बांधकामसुद्धा सुरू झालेलं नव्हतं.

पण खरी गंमत गोंगाटातच आहे. यंत्रात सतत क्षणिक खोट्या उसळ्या येतात. त्यांना म्हणतात 'ग्लिच'. त्यांची वर्गवारी करायला 2016 मध्ये 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाचा उपक्रम निघाला, आणि काम सोपवलं सामान्य हौशी लोकांवर. पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळा-हिरवा डाग दिसतो. आडवी वेळ, उभी कंपनसंख्या. एकच उसळी चार वेगवेगळ्या कालखंडांत ताणून पाहता येते. थेंबासारखा चिमुकला डाग म्हणजे 'ब्लिप', डोकं खाली, शेपटी वर अशा माशासारखा 'कोई फिश', जमीन हलल्याने भरकटलेल्या प्रकाशाच्या एकावर एक कमानी. ब्लिप सर्वांत त्रासदायक, कारण जड कृष्णविवरांचा खरा संकेतही जवळपास असाच दिसतो.

इथे शिकवतं कोण आणि शिकतं कोण, हे सांगणं अवघड. नवख्याला यंत्र, म्हणजे इथे संगणक, आधी सोपी चित्रं देतं, ज्यांची त्याला स्वतःला खात्री आहे अशी. उत्तरं बरोबर येऊ लागली की वरची पायरी, अवघड चित्रं. मग त्याच माणसांच्या उत्तरांवर यंत्र पुढचं शिकतं. दोघांचा मिळून पुरेसा भरवसा बसला की चित्र निकाली. यंत्राच्या यादीतच नसलेले काही प्रकार हौशी लोकांनी शोधले, नावंही त्यांनीच ठेवली. 'पेअर्ड डव्ह्ज', म्हणजे कबुतरांची जोडी, हे त्यातलंच.

खरा पक्षीही एकदा सापडला. 2017 मध्ये अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगो यंत्रात विचित्र ठोके येत होते. बाहेर जाऊन पाहिलं तर थंडगार नळीवर जमलेल्या बर्फावर चोचींच्या खुणा. उन्हाळ्यात तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते!

औंढ्याचं यंत्र सुरू होईल तेव्हा त्याचा गोंगाट इथल्या मातीचा असेल. त्याच जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतले गूढ आवाज नवे नाहीत. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. हॅनफर्डच्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला यातलं काय ओळखू येईल आणि काय नाही, हे आधी सांगता येणार नाही. जे ओळखू येणार नाही, त्याला नाव द्यायला पुन्हा माणूसच लागेल. वसमतच्या हळद बाजारात हिशेब लिहिणाऱ्या पोरानेही ते दिलं तर चालेल. त्यासाठी कुणी पदवी विचारत नाही.